आडबंदरची अनिवार्य स्वयंस्फूर्ती

तालुक्याच्या कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त होऊन रामचंद्र परुळेकरांना पाच महिने झाले होते, आणि या पाच महिन्यांत त्यांनी देशासाठी काहीच केलेलं नव्हतं. घरासाठी बरंच केलं होतं. विहिरीचा पंप दोनदा उघडला, त्यामुळे तिसऱ्यांदा कणकवलीहून माणूस बोलावून तो बसवून घ्यावा लागला. मसाल्याच्या बरण्यांवर अनुक्रमांक घातले. रोजच्या कामाचा आराखडा आदल्या दिवशी लेखी सादर करावा असं पत्नीला, म्हणजे सरलाताईंना, एकदा सुचवून पाहिलं आणि त्यानंतर दोन दिवस स्वतःचा चहा स्वतःच करून घेतला. अशा मनःस्थितीत विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. बातमी ऐकताच भाऊसाहेब (अख्खा गाव त्यांना याच नावाने ओळखतो) आरामखुर्चीतून उठून उभे राहिले.

आडबंदर हे गाव तोंडवलीच्या पलीकडे, समुद्र आणि रस्ता यांच्यामध्ये अंग चोरून बसलेलं. वरच्या वाडीत मास्तर, कारकून, दुकानदार आणि त्यांची पेन्शनची पुस्तकं. खाली किनारवाडीत होड्या, जाळी आणि रापण. दोन्ही वाड्यांना मिळून शाळा एक आणि मतदान केंद्रही एकच. गेल्या खेपेला या केंद्रावर एकसष्ट टक्के मतदान झालं होतं. उरलेले एकोणचाळीस टक्के त्या दिवशी काय करत होते, याचा भाऊसाहेबांनी पडवीत बसून तपास केला. बरेचसे मुंबईत होते, काही समुद्रात होते, चौघे दुपारचं जेवून आडवे झाले ते उठलेच नव्हते, आणि एका घरातली पाच माणसं शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन, रांग बघून परत आली होती. रांगेत सहा जण उभे होते.

"मतदान सक्तीचाच करूक व्हया," असा निकाल भाऊसाहेबांनी कुंपणाशी उभं राहून दिला. कुंपणापलीकडे दीपेश होता. दीपेश घरातच पर्यटक ठेवतो आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीकडे पर्यटनाच्या दृष्टीने बघतो. त्याला सक्ती एकदम पटली. मत न देणाऱ्याचं रेशन बंद करावं, असं त्याने आधी सुचवलं. मग रेशन कोण घेतं आताशा, त्यापेक्षा मोबाइलचं नेट बंद करावं म्हणाला. शेवटी, मत न दिलेल्यांना एका होडीत बसवून दिवसभर समुद्रात फिरवावं, आणि जागा उरलीच तर पर्यटकही घ्यावेत, इथपर्यंत त्याची मजल गेली. भाऊसाहेबांनी हे सगळं वहीत लिहून घेतलं. कचेरीत असताना त्यांनी आलेला एकही कागद कधी परत केलेला नव्हता.

सरलाताईंचं मत वेगळं होतं, आणि ते त्यांनी खोबरं किसता किसता सांगितलं. "मी मत देयन तां माझ्या मनान देयन. तुमी सक्ती केलास तर मी घराभायर पडाचंय नाय." भाऊसाहेब म्हणाले की हा बेजबाबदारपणा आहे. त्यावर सरलाताईंनी फक्त एकदा नवऱ्याच्या डाव्या हाताच्या तर्जनीकडे बघितलं, आणि भाऊसाहेबांनी ती मुठीत दुमडून घेतली.

या तर्जनीचं एक दुःख होतं, ते सरलाताईंखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. चौतीस वर्षांच्या नोकरीत भाऊसाहेबांनी झाडून सगळ्या निवडणुकांची ड्युटी केली होती. ते कायम मतदान अधिकारी क्रमांक दोन, म्हणजे शाई लावणारे. शिरोड्यापासून वर घाटाच्या पायथ्यापर्यंत हजारो बोटांना त्यांनी शाई लावली. म्हाताऱ्यांच्या थरथरत्या, कोळणींच्या खवल्यांनी चमकणाऱ्या, नव्या नवरीच्या मेंदी लावलेल्या, सगळ्या बोटांना. मात्र त्यांचं स्वतःचं बोट कोरंच राहिलं. टपाली मतपत्रिकेचा अर्ज ते दर वेळी न चुकता भरत. एकदा तो उशिरा पोचला, एकदा सहीच्या जागी शिक्का आणि शिक्क्याच्या जागी सही झाली, आणि एकदा मतपत्रिका आली ती निकाल लागून, पेढे वाटून, नवे आमदार सत्काराला येऊन गेल्यावर. नोकरीआधीच्या एकमेव निवडणुकीत त्यांची एसटी चुकली होती. ग्रामपंचायत तर आडबंदरात कायमची बिनविरोध. थोडक्यात, लोकशाहीवर तासभर बोलू शकणारा हा माणूस अठ्ठावन्न वर्षांचा झाला तरी त्याने मत म्हणून कधी दिलेलंच नव्हतं, आणि याची त्याला मनापासून लाज वाटत होती.

यंदा ड्युटी नव्हती. यंदा आपल्या गावात, आपल्या शाळेत, आपल्या बोटाला शाई लागणार होती. तेवढ्यावर समाधान मानलं असतं तर काहीच घडलं नसतं. पण इतक्या वर्षांनी येणारं मत साधंसुधं कसं चालेल? अख्ख्या गावाचं शंभर टक्के मतदान घडवून आणायचं आणि शंभरावा टक्का पुरा करणारं शेवटचं मत आपलं असायचं, असं भाऊसाहेबांनी मनात ठरवून टाकलं.

दुसऱ्याच दिवशी ते तालुक्याला गेले. 'मौजे आडबंदर येथे मतदान सक्तीचे करण्यास परवानगी मिळणेबाबत' असा अर्ज त्यांनी तीन प्रतींत नेला होता. टेबलावर जितेंद्र होता. एकेकाळी तो भाऊसाहेबांच्या हाताखाली जावक बारनिशीची वही लिहायचा. त्याने त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला, अर्ज वाचला आणि खुर्ची थोडी मागे सरकवली.

"भाऊसाहेब, कायद्यात सक्ती नाही. आपल्याला फक्त जनजागृती करता येते," तो म्हणाला. "आणि आता आचारसंहिता आहे. सक्ती हा शब्द कागदावर नकोच."

मग कोणता शब्द चालेल, यावर दोघांचा अर्धा तास गेला. 'आग्रह' जितेंद्रला चालत होता, भाऊसाहेबांना मिळमिळीत वाटत होता. 'बंधन' भाऊसाहेबांना चालत होतं, जितेंद्रला घाम फोडत होतं. अखेर 'सामूहिक स्वयंस्फूर्ती' यावर तडजोड झाली. घरी येताना एसटीत भाऊसाहेबांनी त्यातलं 'सामूहिक' खोडून वर 'अनिवार्य' असं लिहिलं. याच भेटीत त्यांना असंही कळलं की यादीतली मयत नावं आता निवडणूक संपेपर्यंत निघणार नाहीत. यादीत नावं तीनशे एकतीस. पैकी सहा जण देवाघरी आणि सदतीस मुंबईला. भाऊसाहेबांनी सदतीस जणांना फोन केले. सगळ्यांनी आपुलकीने चौकशी केली आणि थेट गणपतीला येतो म्हणून सांगितलं. देवाघरच्यांना फोन करणं शक्य नव्हतं. तेव्हा जिवंत आणि हजर असे दोनशे अठ्ठ्याऐंशी, हेच आपले शंभर टक्के, असं त्यांनी वहीत नमूद करून खाली स्वतःच सही केली.

आता प्रश्न होता स्वयंस्फूर्ती अनिवार्य कशी करायची हा. रेशन, नेट आणि होडी यांतलं काहीच भाऊसाहेबांच्या अखत्यारीत येत नव्हतं. पण आडबंदरात एक गोष्ट अशी होती की जिच्यावाचून दोन्ही वाड्यांचं अडतं. ती म्हणजे रापणीचा वाटा. होडीतून अर्धगोल जाळं टाकायचं, त्याच्या दोन टोकांचे दोन दोर किनाऱ्यावर आणायचे आणि ज्यांना हात आहेत त्यांनी ते दोन-तीन तास ओढायचे. जाळं काठाला लागलं की मासळीचे वाटे पडतात. ज्याचा हात दोराला लागला त्याला वाटा मिळतो. दोराला शिवलेल्या पाहुण्यालाही दोन बांगडे दिल्यावाचून कुणी परत पाठवत नाही. बोटाला शाई नसेल त्याला वाटा नाही, एवढं रापणवाल्यांनी मान्य केलं की काम झालं, असा भाऊसाहेबांचा हिशेब होता.

सुरूच्या झाडांखाली सभा भरली. रापणीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, नितेश जाळ्यावर बसला होता, आणि त्याची काकू हिरा टोपलीवर. हिरा साठीची, दोन्ही वाड्यांना मासे विकणारी; तिच्या तोंडाला लागायची हिंमत गावात फक्त समुद्राला आहे असं म्हणतात. भाऊसाहेब पंचवीस मिनिटं बोलले. नागरिकाचं कर्तव्य, हक्क आणि जबाबदारी, एकसष्ट टक्क्यांची नामुष्की असं सगळं झालं. त्यांचं संपल्यावर हिराने विडा दुसऱ्या गालात सरकवला.

"भाऊसाहेब, मत सगळ्यांचा म्हणतास, मगे दोर पण सगळ्यांचो. बांगडो इलो की वरची वाडी पिशये घेवन वाट्याक येता, दोराक येयना. आमी बोटाक शाई लावन घेतंव, तुमी हाताक फोड लावन घेवा."

वरच्या वाडीच्या बाजूला चुळबुळ सुरू झाली. कुणी सुरूच्या शेंड्याकडे पाहू लागलं, कुणाला कंबरेचं दुखणं आठवलं. पण भाऊसाहेब आता मागे हटणाऱ्यांतले राहिले नव्हते. मत सक्तीचं, दोरही सक्तीचा, असा ठराव त्यांनी तिथल्या तिथे मांडला. हात वर करायला सांगितलं तेव्हा साठ-पासष्ट माणसांपैकी चौदा हात वर झाले. बाकीच्यांना विचारलं तर ते म्हणाले, तुम्ही ठरवाल ते आम्हाला चालेल. सक्तीच्या मतदानाचा ठराव अशा रीतीने बावीस टक्के मतदानाने मंजूर झाला.

नियमावली अर्थातच भाऊसाहेबांनी लिहिली. कलम चार म्हणत होतं की रापण लागली असता प्रत्येक घराचा एक हात दोराला असलाच पाहिजे. कलम पाच त्यांचं खास लाडकं होतं. लोक दोर धरतील आणि अर्ध्यावर काहीतरी निमित्त काढून पळतील, हे चौतीस वर्षं रजेचे अर्ज वाचलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. म्हणून त्यांनी लिहिलं: 'दोर हाती घेतलेल्या इसमास जाळे काठास लागेपावेतो दोर सोडता येणार नाही. कोणतेही कारण ग्राह्य धरले जाणार नाही. सोडल्यास सदर इसमास हंगाम संपेपर्यंत मासळीचा वाटा मिळणार नाही, तसेच कोणी त्यास विकत अगर फुकट मासळी देणार नाही.' नितेशने विचारलं होतं, एवढं कडक कशाला. भाऊसाहेब म्हणाले, नियमाला फट ठेवली की माणूस त्यातून निसटतो. नितेशने कागद घडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि खिशात ठेवला.

मतदानाच्या दिवशी भाऊसाहेब पहाटेच उठले. इस्त्रीची पँट, पांढरा शर्ट, खिशात मतदार ओळखपत्र, हातात यादी आणि तांबडं पेन. सव्वासहाला ते शाळेपाशी पोचले. केंद्रापासून ठरलेल्या अंतरावर चुन्याची रेघ मारलेली होती. ते अंतर त्यांनी पावलांनी मोजलं, चार मीटर कमी भरलं. पोलीस शिपायाला त्यांनी हे समजावून सांगितलं. शिपायाला ते समजेपर्यंत, मग चुना आणेपर्यंत आणि नवी रेघ सरळ येईपर्यंत साडेसात वाजले. मतदान सातलाच सुरू झालं होतं. पण नियमानुसार असलेल्या रेघेच्या बाहेर खुर्ची टाकून बसण्याचं समाधान औरच होतं.

आणि काय सांगावं, आडबंदर लोटलं. किनारवाडी तर आठाच्या आत निम्मी होऊन गेली. बाहेर येणारा प्रत्येक जण भाऊसाहेबांना बोट दाखवी, भाऊसाहेब यादीत खूण करीत. हिराने बोट नाकासमोर आणून दाखवलं. गेल्या वेळचे दुपारचे झोपाळू या वेळी सकाळीच येऊन मग झोपायला गेले. दीपेशने आपल्याकडच्या पुण्याच्या पाहुण्यांनाही आणलं होतं. त्यांचं मत इथे नाही हे कळल्यावर त्यांनी रेघेचे फोटो काढले. ब्याण्णव वर्षांच्या बाबा सावंतांचं मत अधिकारी घरी येऊन आधीच घेऊन गेले होते, तरी ते बोट दाखवायला रिक्षाने आले.

दुपारी तीनला यादीत दोनशे शहाऐंशी खुणा झाल्या. राहिली दोन नावं. एक सरला रामचंद्र परुळेकर, दुसरं रामचंद्र परुळेकर.

भाऊसाहेबांनी घरी फोन केला. सरलाताई म्हणाल्या, बघूया. साडेतीनला पुन्हा केला. सरलाताई म्हणाल्या, पापड वाळत घातलेत. स्वतः जाऊन मत देऊन यावं, असं एकदा भाऊसाहेबांच्या मनात आलंही. पण मग शेवटचं मत सरलेचं झालं असतं. आणि ते दिलंच नसतं तर नव्व्याण्णव पूर्णांक काही टक्क्यांचं खापर आपल्याच घरावर फुटलं असतं. ते खुर्चीवर बसून राहिले. सहाला अजून अडीच तास होते.

तेवढ्यात किनाऱ्याकडून आरोळी आली. "बांगडो इलो रे."

पाणी काठाजवळच काळपट झालं होतं आणि वर पक्ष्यांची झुंबड उडाली होती. नितेशची होडी जाळं सोडत अर्धगोल फिरूनही आली. वरची वाडी कलम चारला जागून खाली धावली. मास्तर आले, दुकानदार शटर ओढून आले, दीपेश पाहुण्यांसकट आला. परुळेकरांच्या घरचा हात तेवढा दिसत नव्हता. हिराने शाळेच्या दिशेने बघून नुसती हाक मारली, आणि भाऊसाहेबांना उठावंच लागलं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, यादी शर्टात खोचून त्यांनी दोर धरला तेव्हा पावणेचार वाजले होते. तासाभरात होईल, अशी त्यांची समजूत होती.

रापणीला कुणाची समजूत कळत नाही. अशी मासळी चार-पाच वर्षांत लागली नव्हती, असं किनारवाडीवाले म्हणत होते. दोर एक हात यायचा आणि लाट त्यातला अर्धा परत न्यायची. साडेचारला भाऊसाहेबांच्या तळहाताला फोड आले, पाचला फुटले. मागे उभे असलेले मास्तर निवृत्तीवेतनातल्या फरकाबद्दल विचारत होते, त्यांना ते उत्तर देईनात. सव्वापाचला जाळ्याची तरंगती बुचं दिसू लागली, पण फार लांब. पाच वाजून पंचवीस मिनिटांनी भाऊसाहेबांनी घसा साफ केला.

"नितेश, माका जरा दहा मिन्टां सोडशीत?"

नितेश दोर ओढता ओढताच म्हणाला, "कलम पाच, भाऊसाहेब. कारण खयचाय चलाचा नाय. तुमीच लिवलास."

दोरावरची माणसं हसली. भाऊसाहेबांनी पाच-सात वेळा दोर ओढला. मग ते जे बोलले ते त्यांनी ठरवून बोललेलं नव्हतं.

"अरे, माझा मत ऱ्हवला. चवतीस वर्सा लोकांच्या बोटाक शाई लावलंय मी. माझ्या बोटाक ती एकदाय लागूक नाय."

हसणाऱ्यांनी माना खाली घालून दोर ओढला.  भाऊसाहेबांना वाटलं, वाळूत गाडून घ्यावं. अख्ख्या गावाला महिनाभर शहाणपण शिकवून झाल्यावर हे असं, गुडघाभर पाण्यात, उघड्यावर पडलं होतं. पलीकडच्या दोरावरून हिरा त्यांच्याकडे बघत होती. तिने तोंडातला विडा थुंकला. नियम सगळ्यांदेखत झाला होता, आणि तो मोडा असं सांगायला तिला तोंड नव्हतं, तसंच मोडू नका म्हणायलाही.

याच वेळी दोर ओढणाऱ्यांसाठी चहाची किटली घेऊन सरलाताई किनाऱ्यावर आल्या. काय झालं ते त्यांना दीपेशने सांगितलं, थोडं वाढवूनच. भाऊसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. "दोनच मता ऱ्हवली. तुझा आणि माझा. तुझी वाट बघीत ऱ्हवलंय म्हणान ह्यां झाला," ते म्हणाले. आवाजात राग आणायचा त्यांनी प्रयत्न केला होता.

सरलाताईंनी किटली वाळूत ठेवली आणि डावा हात पुढे केला. तर्जनीवर शाईची जाड रेघ होती, चांगली वाळलेली.

"सकाळी सात वाजताच देवन इलंय. तुमी चुन्याची रेघ मापीत होतास."

 दिवसभर या बाईने पापडांचं निमित्त सांगितलं होतं. पण आता त्या हसत नव्हत्या. थट्टा इतकी अंगाशी येईल हे त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं, आणि नवऱ्याचं ते कोरं बोट गावासमोर उघडं पडलेलं त्यांना बघवत नव्हतं. त्यांनी पदर खोचला, पाण्यात उतरल्या आणि भाऊसाहेबांच्या हातांच्या पुढे दोर धरला.

"कलम चार. घराचो एक हात. ह्यो घराचोच हात आसा," त्या नितेशला म्हणाल्या. मग नवऱ्याला, "मासो जायत तुमचो. जातास की रवतास, तुमचा तुमी ठरवा. माझी सक्ती नाय."

भाऊसाहेबांनी एकदा जाळ्याकडे पाहिलं. बुचांच्या आत पाणी चंदेरी होऊन उसळत होतं. कोकणातल्या माणसाने नोव्हेंबर ते मे मासळीशिवाय काढायचे म्हणजे काय, हे कोकणाबाहेरच्याला सांगून कळायचं नाही. त्यांनी दोर सोडला.

वाळूत एक चप्पल राहिली, दुसरी त्यांनीच काढून टाकली. दीपेशच्या पुण्याच्या पाहुण्याने त्यांना स्कूटरवर घेतलं, आणि वाटेत हा मतदानाचा पारंपरिक पोशाख आहे का असं विचारलं. चुन्याच्या रेघेपाशी शिपायाने स्कूटर अडवली. आता वाहन याच्या पुढे नेता येत नाही, तुम्हीच सकाळी सांगितलंत, तो म्हणाला. सकाळी वाढवून घेतलेल्या चार मीटरांसकट सगळं अंतर भाऊसाहेब अनवाणी धावले. शाळेच्या दारात पोचले तेव्हा सहाला सहा मिनिटं होती.

क्रमांक दोनच्या टेबलावर एक तरुण शिक्षिका बसली होती. तिने भाऊसाहेबांचं बोट हातात घेतलं. मीठ, वाळू, दोराचं तेल आणि माशांचा चिकटा, सगळं त्यावर होतं. तिने फडकं घेऊन बोट आधी पुसलं, नखाच्या कडेनेसुद्धा. अगदी नियमानुसार. भाऊसाहेबांनी हे हजारो लोकांना केलं होतं, आणि ते करून घेताना कसं वाटतं हे त्यांना आज कळत होतं. शाई गार लागली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी खाऱ्या हाताने पुसलं, त्यामुळे आणखी आलं.

आणि मग ते पुठ्ठ्याच्या आडोशामागे यंत्रासमोर उभे राहिले, नावांच्या यादीवरून नजर फिरवली, आणि बटणाकडे गेलेलं बोट मागे घेतलं. महिनाभर त्यांनी मतदान किती व्हावं, कुणी करावं, कसं करवून घ्यावं आणि न केल्यास काय करावं, याचा विचार केला होता. मत कुणाला द्यायचं, हा विचार करायचा राहूनच गेला होता.

एक नाव त्यांना जवळचं वाटलं, पण त्याच्या काकांनी एका फाइलीवरून त्यांना छळलं होतं. दुसरा बरा होता, पण त्याने गावच्या धक्क्याचं भूमिपूजन तीनदा केलं होतं आणि धक्का अजून नव्हता. तिसऱ्याला ते ओळखत नव्हते, हीच त्याची मोठी जमेची बाजू होती. शेवटच्या बटणापाशी, यापैकी कुणी नाही, असंही लिहिलेलं होतं. पण त्यासाठी हंगामाचे बांगडे सोडून आलो का, असं त्यांना वाटलं. बाहेरून केंद्राध्यक्षांचा आवाज आला, "काका, आवरा." तेव्हा त्यांनी पाटावर बसून पानाकडे बघतात तसं एकदा सगळ्या यादीकडे शांतपणे पाहिलं, धक्का आठवला, रस्ता आठवला, शाळेचं गळकं छप्पर तर डोक्यावरच होतं. आणि बटण दाबलं. यंत्र वाजलं. शेजारच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसली आणि खाली पडली. ते सातही सेकंद त्यांनी ताठ उभं राहून घेतले.

किनाऱ्यावर परत आले तेव्हा जाळं काठाला लागलं होतं आणि वाळूत चांदीचा ढीग पडला होता. हिराने वाटे घातले. भाऊसाहेबांनी बोट वर केलं, सगळ्यांनी पाहिलं, टाळ्याही वाजल्या. मग हिराने निकाल दिला: घराचा हात सुटलेला नाही, तेव्हा घराचा वाटा घराला. पण भाऊसाहेबांनी दोर सोडला, तेव्हा भाऊसाहेबांना हंगाम संपेपर्यंत मासा नाही. अंमलबजावणी सरलाबाईंकडे. भाऊसाहेबांनी काही हरकत घेतली नाही. कलमाची भाषा त्यांचीच होती आणि तीत फट नव्हती.

कचेरीच्या कागदावर आडबंदरचं मतदान सत्याऐंशी टक्के लागलं, कारण देवाघरचे आणि मुंबईचे धरले होते. जितेंद्रने फोन करून अभिनंदन केलं आणि विचारलं, ती सामूहिक स्वयंस्फूर्ती कशी काय झाली. भाऊसाहेब म्हणाले, सामूहिक झाली ती माझ्या नियमाने. एकच मत स्वयंस्फूर्तीने पडलं, आणि ते नियम मोडून.

त्या संध्याकाळी परुळेकरांच्या घरी बांगड्याचं तिखलं शिजलं, तिरफळं घालून. वास रस्त्यापर्यंत गेला होता. सरलाताईंनी स्वतःच्या ताटात दोन बांगडे घेतले आणि भाऊसाहेबांना वरण, भात आणि चवळीची भाजी वाढली. भाऊसाहेब तक्रार न करता जेवू लागले. उजव्या हाताच्या फोडांना चवळी झोंबत होती.

"कोणाक दिलास?" सरलाताईंनी विचारलं.

"मतदान गुप्त आसता," भाऊसाहेब म्हणाले.

सरलाताईंनी मान डोलावली. जेवून उठल्या, तिखल्याचं भांडं झाकायचं तसंच राहू दिलं आणि म्हणाल्या की परसात पापड आहेत, ते गोळा करायला पाच मिनिटं लागतील. पापड त्यांनी चार वाजताच आत आणले होते. भाऊसाहेबांनी ते कणगीवर ठेवलेले पाहिलेही होते.

पाच मिनिटांनी त्या रिकाम्या हाताने परत आल्या. भाऊसाहेब चवळीच्या भाजीचा शेवटचा घास घेत होते, अगदी सरळ चेहऱ्याने. सरलाताईंनी भांड्यात डोकावून पाहिलं.

"दोन बांगडे कमी कशे?"

भाऊसाहेबांनी शाईचं बोट ताटाच्या कडेला जपून टेकवलं.

"तांय गुप्त आसता," ते म्हणाले.